पाइप, नातवाचे मासे आणि उलटे पाणी



बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. मध्ये डोळ्याचे ऑपरेशन झाले, मग पावसाळा, मग आळस. पुतण्याने फोनवर विचारलेच, "काका, ब्लॉग बंद केलात की काय?" बंद नाही केला. पण एक गोष्ट घशात अडकली होती. ती लिहिल्याशिवाय दुसरे काही लिहवत नव्हते, आणि ती लिहायची लाज वाटत होती. आज लिहूनच टाकतो.

तसा विषय अगदी साधा आहे. फिश टँकमध्ये पाइपने पाणी कसे भरावे! हसलात ना? मीही हसलो असतो. ज्याने आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला त्याने सत्तरी उलटल्यावर माशांच्या पेटीवर लिहावे, म्हणजे नोकरीनंतरचा वेळ खरोखरच खायला उठला असे कोणालाही वाटेल. पण थोडे थांबा.

गेल्या उन्हाळ्यात नातू पुण्याहून आमच्याकडे नामपूरला आला तो पेटी घेऊनच. मुलाच्या फ्लॅटमध्ये रंगकाम आणि फरशीचे काम निघाले होते, म्हणून "आबा, माझे मासे तुमच्याकडे राहतील" असे फोनवर आधीच ठरले होते. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच काचेची पेटी. मासे आले झाकणाच्या बादलीत, गाडीत त्याच्या मांडीवर. दोन गोल्डफिश आणि चार मॉली. गोल्डफिशची नावे शेठ आणि शेठाणी. कारण विचारले तर म्हणाला, "दोघं सारखे खातात आणि हळू चालतात." मॉलींमध्ये एक काळी होती, तिचे नाव अर्थातच काळू.

पेटी पडवीत ठेवली, उन्हापासून दूर. जून उजाडला, शाळा सुरू झाल्या, नातू परत गेला. पुण्यातले काम लांबले होते, म्हणून मासे राहिले. जाताना त्याने मला वहीच्या पानावर सूचना लिहून दिल्या. खाणे दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच. दर रविवारी पाव भाग पाणी बदलणे. आणि शेवटी, अधोरेखित करून – 'पाणी आदल्या दिवशी भरून ठेवणे.' का ठेवायचे ते लिहिले नव्हते. मीही विचारले नाही. छत्तीस वर्षे मुलांना सूचना वाचून दाखवणाऱ्या माणसाने स्वतः सूचना नीट वाचायची नसते, हा आमच्या व्यवसायाचा जुना नियम आहे.

पहिले चार रविवार मी बादल्यांनीच पाणी भरले. पण या पेटीत जवळजवळ ५४ लिटर पाणी बसते. पाव भाग म्हटले तरी एक बादली उपसायची आणि एक भरून छातीपर्यंत उचलून ओतायची. माझे गुडघे आणि कंबर यांचे आपसात पटत नाही. डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केलेली. पाचव्या रविवारी कंबरेत अशी कळ आली की बादली हातातून सुटली आणि पडवीत मोसम नदीचा पूर आला. सौ. धावत आली, आधी मला पाहिले आणि मग फरशी पुसली. क्रम बरोबर होता, हे इथे नमूद करतो.

मग मला युक्ती सुचली. परसदारी डाळिंबाची बारा झाडे आहेत. त्यांना पाणी द्यायला अंगणातल्या नळाला जोडलेला हिरवा पाइप आहे. तो खिडकीतून पडवीत घेतला की झाले! बादली नको, कंबर नको. सहाव्या रविवारी पाणी यायच्या वेळेला पाइप आत घेतला. पेटी बरीच गढूळ दिसत होती, म्हणून पाव भागाऐवजी निम्मे पाणी काढले. आता पाइपच आहे तर कंजुषी कशाला? पाइपाचे तोंड पेटीत सोडले, नळ सुरू केला आणि दहा मिनिटांत पेटी काठोकाठ. मी स्वतःवरच खूश.

दुपारी जेवून उठलो तेव्हा मॉली गोल गोल फिरत होत्या. मला वाटले नव्या पाण्याचा आनंद आहे. तासाभराने काळू उलटी झाली. संध्याकाळपर्यंत चारही मॉली गेल्या. शेठ तळाशी पडून कल्ले हलवत होता. रात्री साडेदहाला तोही गेला. शेठाणी पहाटे.

सहा मासे. एका कागदावर ठेवले तर एका ओंजळीत मावतील एवढे. आम्ही दोघांनी ते डाळिंबाच्या मुळाशी पुरले. सौ. काही बोलली नाही, फक्त एवढेच म्हणाली, "आता पोराले काय सांगशात?"

मी सांगितले. आणि इथूनच लाजेची गोष्ट सुरू होते.

नातवाला फोन केला तेव्हा तो आधी गप्प झाला. मग विचारले, "आबा, असं कसं झालं?" आणि मी, अत्यंत खात्रीच्या आवाजात, जो आवाज मी तीस-पस्तीस वर्षे सनावळ्या सांगायला वापरला, त्या आवाजात म्हणालो, "बाळा, नळाच्या पाण्यात पावडर जास्त पडली. पाणी सोडणाऱ्यांचा हलगर्जीपणा. तुझ्या आबांचा काय इलाज!" त्याने विश्वास ठेवला. मुले आजोबांवर ठेवतातच. मग मी तेच संध्याकाळी पारावर सांगितले. चार म्हातारे जमले होते, प्रत्येकाने पाण्याविषयी आपापली एक तक्रार जोडली. दुसऱ्या दिवसापर्यंत 'पाण्यात पावडर जास्त पडते, सरांचे मासे मेले' ही बातमी गल्लीभर झाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझा एक जुना विद्यार्थी दारात उभा. गावाच्या पाण्यात पावडर टाकायचे, पाणी तपासायचे काम तो करतो. अशा माणसाला जलसुरक्षक म्हणतात. शब्द मोठा छान आहे, पगार तितका नसावा. हातात एक छोटी पेटी होती. "सर, राग मानू नका, पण तुमच्या नळाचं पाणी तपासायला आलोय."

त्याने नळ सोडला, काचेच्या नळीत पाणी घेतले, त्यात एका बाटलीतले थोडे थेंब टाकले. याला ओटी टेस्ट म्हणतात, म्हणजे ऑर्थोटोलिडीन. पाण्यात क्लोरीन असेल तर ते पिवळे होते. जितके जास्त तितके गडद. ते पाणी फिक्कट पिवळे झाले, लिंबाच्या सरबतात पाणी जास्त पडल्यासारखे. "सर, हे अगदी बरोबर आहे. नळाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन राहायलाच पाहिजे, नाहीतर जंतू मरत नाहीत. हे तेवढंच आहे."

"मग मासे का मेले?" मी जरा चढ्या आवाजात विचारले. वर्गातली सवय.

"सर, पाणी माणसासाठी बरोबर आहे. माशासाठी नाही."

मंडळी, हे वाक्य मी तेव्हा ऐकले आणि गप्प झालो. त्याने नीट समजावले. आपण पाणी पितो, ते पोटात जाते, तिथे इतक्या थोड्या क्लोरीनचे काही चालत नाही. मासा पाणी कल्ल्यांतून घेतो, त्याचे रक्त आणि पाणी यांच्यामध्ये अगदी पातळ पडदा असतो. क्लोरीन तो पडदाच जाळते. शिवाय पेटीच्या फिल्टरमध्ये आणि वाळूत काही उपयोगी जिवाणू वाढलेले असतात. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, तो विषारी असतो. हे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करतात. क्लोरीन त्यांनाही मारते. म्हणून पाणी आदल्या दिवशी भरून उघडे ठेवायचे. दिवसभरात क्लोरीन उडून जाते, हवेचे बुडबुडे सोडले तर लवकर. घाई असेल तर माशांच्या दुकानात 'अँटी-क्लोरीन' मिळते. ते म्हणजे सोडियम थायोसल्फेट, आपल्या जुन्या फोटो स्टुडिओतला 'हायपो'. माझ्या पिढीच्या वाचकांना आठवत असेल, डार्करूममध्ये फोटो पक्का करायला तो लागायचा. फोटो गेले, हायपो माशांसाठी उरला.

नातवाने अधोरेखित करून लिहिले होते ते हेच. दहा वर्षांच्या मुलाला माहीत होते.

पण गोष्ट इथे संपत नाही. विद्यार्थी जायला निघाला आणि उंबऱ्यात थांबला. "सर, मासे गेले तेव्हा कसे करत होते? वर येऊन तोंड उघडत होते की गोल फिरत होते?"

"गोल फिरत होते. काही उलटे होत होते, परत सरळ होत होते."

"पाइप दाखवा बरं."

पाइप अंगणात गुंडाळून ठेवला होता. त्याने त्याचे तोंड नाकाजवळ धरले आणि माझ्याकडे दिले. मी वास घेतला आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. तो वास मला ओळखीचा होता. डाळिंबावर फवारायच्या औषधाचा वास.

आमच्याकडे फवारणी अशी होते. दोनशे लिटरचा निळा ड्रम असतो. त्यात आधी थोडे पाणी, मग औषध, मग पाइप ड्रममध्ये सोडून वरपर्यंत पाणी भरायचे, म्हणजे ते आपोआप ढवळले जाते. पाइपाचे तोंड औषधाच्या पाण्यात बुडालेलेच असते. त्या रविवारच्या आदल्या आठवड्यात मी नेमके हेच केले होते. सौ. मागून म्हणाली, "मी सांगेल व्हतं ना तुमले, हाऊ पाइप घरमा नका आणू!" सांगितले होते. मी ऐकले नव्हते.

औषधाची बाटली काढून पाहिली. कागदावर बारीक अक्षरांत लिहिले होते की हे माशांना विषारी आहे, उरलेले पाणी तळ्यात वा ओढ्यात सोडू नये. पायरेथ्रॉइड जातीचे औषध होते. आपल्यासारख्या प्राण्यांच्या शरीरात त्याचा बराचसा निचरा होतो, माशांच्या शरीरात होत नाही. लिटरभर पाण्यात ग्रॅमचा दहा लाखावा भाग इतक्या मात्रेलाही मासे मरू शकतात. मज्जातंतूंवर परिणाम होतो, म्हणून ते तोल जाऊन गोल फिरतात. आता क्लोरीनने मेले की औषधाने, हे मी सिद्ध करू शकत नाही. पण दोन्ही गुन्ह्यांचा गुन्हेगार एकच होता, आणि तो पारावर बसून दुसऱ्याच्या नावाने बोटे मोडत होता.

याहून मोठे पुढेच आहे. विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, ड्रम भरताना मध्येच पाणी गेलं होतं का कधी?"

"जातंच की. तासभरच तर येतं."

तो काही बोलला नाही. आत जाऊन बादलीभर पाणी आणले, त्यात पाइपाचे तोंड बुडवले, नळ उघडा ठेवला आणि म्हणाला, "पाच-दहा मिनिटं थांबू. पाणी जायची वेळ झालीये." आम्ही पायरीवर बसलो. नळाचे पाणी मंदावले, थांबले. आणि मग माझ्या डोळ्यांदेखत बादलीतले पाणी कमी होऊ लागले. कोणी उपसत नव्हते, बादली फुटलेली नव्हती. पाइप बादलीतले पाणी ओढून नळातून मागे नेत होता. गावाच्या लाइनमध्ये!

मी घाईघाईने पाइप बाहेर खेचला. बादली चार बोटे उतरली होती.

त्याचे कारण असे. पाणी बंद होते तेव्हा लाइनमधले पाणी उताराकडे निघून जाते, खालच्या घरांचे नळ उघडे असतात, कोणी मोटर लावून ओढत असतो. लाइनमध्ये पोकळी तयार होते. ज्याचा पाइप त्या वेळी कशात बुडालेला असेल, त्यातले पाणी वर ओढले जाते. म्हशीच्या हौदातला पाइप असो, धुण्याच्या टबातला, फिश टँकमधला की माझ्या औषधाच्या ड्रममधला. आणि मग पुढच्या वेळी पाणी आले की ते सगळ्यात आधी कोणाच्या तरी हंड्यात जाते.

त्या रात्री मला झोप आली नाही. आमच्या खालच्या अंगाला पाच-सहा घरे आहेत. एका घरात तान्हे मूल आहे. गेली किती वर्षे मी तो ड्रम तसाच भरत होतो? सकाळी मी काहीतरी निमित्त काढून त्या प्रत्येक घरी जाऊन आलो, पोरेबाळे बरी आहेत ना विचारले. सगळी बरी होती. एकीने तर चहा दिला आणि म्हणाली, "सर, आज कसं काय येणं केलं?" तो चहा कसा घोटला ते माझे मला माहीत.

नंतर मुलाने मला याबद्दल वाचायला शोधून दिले. शिकागो म्हटले की आपल्याला १८९३ ची धर्मपरिषद आणि विवेकानंद आठवतात. त्याच शहरात १९३३ साली पुन्हा जागतिक प्रदर्शन भरले होते, आणि तेव्हा दोन मोठ्या हॉटेलांत उतरलेल्या पाहुण्यांमध्ये आमांशाची भयंकर साथ पसरली. शेकडो लोक आजारी पडले, शंभराच्या आसपास दगावले. कारण काय निघाले? जुन्या नळजोडण्यांमधून सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळत होते. त्यानंतर नळकामाच्या नियमांत या उलट्या पाण्याकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले. म्हणजे मी अंगणात पायरीवर बसून जे पाहिले, ते जगाने नव्वद वर्षांपूर्वीच किंमत मोजून पाहिले होते.

मी यावर खूप विचार केला. इतकी साधी गोष्ट मला का कळली नसावी? मला वाटते याचे कारण आमच्या मातीत आहे. मी लहानपणी पाहिलेले पाणी म्हणजे पाटाचे पाणी. मोसम, आरम, पांझरा या नद्यांच्या खोऱ्यांत काही शतकांपासून फड पद्धत होती. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटावर शेतांचे फड, आणि पाणी वाटायला गावाने नेमलेला पाटकरी. पाटकऱ्याचा शब्द म्हणजे शब्द. त्या पाण्याचा एकच धर्म होता, वरून खाली जाणे. वरच्याने घाण केली तर खालच्याला भोगावे लागे, म्हणून वरच्याला समज दिली जाई. खालचा वरच्याचे पाणी कधीच बिघडवू शकत नसे. आमच्या पिढीचे पाण्याविषयीचे सगळे शहाणपण या एका दिशेवर उभे आहे. पाइपाला ती दिशा नाही. पाइपात दाब असेल तिकडून पाणी येते, दाब गेला की तेच पाणी उलटे जाते. पाटावर बसलेला माणूस फक्त आपल्या वरच्याकडे बोट दाखवतो. मीही तेच केले. बोट दाखवायला वर पाहिले, आणि दोष माझ्या हातातल्या टोकाला होता.

तर पुढे काय केले ते सांगतो.

सर्वांत आधी नातवाला फोन केला. हे सर्वांत अवघड होते. "बाळा, परवा मी तुला जे सांगितलं ते खरं नव्हतं. पाणी सोडणाऱ्यांची चूक नव्हती. माझी होती." सगळे सांगितले, पाइपाचे, औषधाचे, त्याच्या अधोरेखित ओळीचे. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "आबा, तुम्ही मुद्दाम नाही ना केलं?" मी म्हटले नाही. "मग ठीक आहे." आणि थोड्या वेळाने, "पण तुम्ही आधी दुसऱ्याचं नाव घेतलं." मी म्हटले, हो. शाळेत असतो तर एखाद्या मुलाला यासाठीच मी बाकावर उभे केले असते. मला कोणी उभे केले नाही, पण त्या एका वाक्यानंतर मी फोन धरून उभाच होतो.

मग पारावर गेलो. तिथेही सांगितले. एक म्हातारा म्हणाला, "जाऊ द्या हो सर, मासेच तर होते." मी म्हटले, मासे होते म्हणून कळले. माणसे असती तर?

विद्यार्थ्याची घरी जाऊन माफी मागितली. तो इतका संकोचला की शेवटी त्याच्या आईनेच विषय बदलला.

आता व्यवहाराचे. कोणाच्या घरी फिश टँक असेल, किंवा परदेशातल्या भाचरांपैकी कोणी ठेवणार असेल, तर त्यांच्यासाठी माझी आताची रीत लिहितो. इतकी किंमत मोजून शिकलेली आहे, फुकट घ्या.

माशांसाठी वेगळा पाइप आहे. पारदर्शक, पिण्याच्या पाण्यासाठी चालणारा. बागेचे साधे पाइप पिण्याच्या पाण्यासाठी बनवलेले नसतात. त्यांना मऊ ठेवायला घातलेली द्रव्ये, काहींतले शिसे, पितळी तोट्यांतले शिसे पाण्यात उतरू शकते, उन्हात तापल्यावर तर जास्तच. नवा पाइप घेतला की रात्रभर पाणी भरून ठेवायचे आणि सकाळी वास घ्यायचा. वास आला तर तो झाडांना. त्या पाइपाला मी लाल फीत बांधली आहे आणि तो पडवीतच टांगलेला असतो. ड्रमचा पाइप वेगळा, परसदारी.

पाइपातले पहिले पाणी नेहमी तुळशीला. रात्रभर पाइपात साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात, आणि आमच्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात ते पाणी चहाला ठेवल्यासारखे तापते. हाताला नळाचे ताजे पाणी लागेपर्यंत सोडून द्यायचे.

पाइप थेट पेटीत कधीच नाही. आधी मोठ्या टबात. आणि टबातही बुडवायचा नाही, काठाला चिमट्याने बांधून तोंड वीतभर वर ठेवायचे. नळकामाचा नियम असा की तोंड आणि पाण्याची सर्वांत वरची पातळी यांत निदान पाइपाच्या व्यासाच्या दुप्पट अंतर हवे. हवेतून पाणी उलटे चढत नाही. उलटे पाणी अडवणारी झडपही मिळते, ती मी अंगणातल्या नळाला बसवून घेतली. पण झडपेत खडा अडकू शकतो, हवेत काही अडकत नाही. औषधाचा ड्रमही आता असाच भरतो. विद्यार्थ्याच्या सांगण्यावरून गल्लीतल्या म्हशीवाल्यानेही हौदाचा पाइप वर बांधला आहे.

टबातले पाणी दिवसभर उघडे ठेवायचे, किंवा अँटी-क्लोरीन बाटलीवरच्या मापाने. सॅन फ्रान्सिस्कोकडच्या भाचीसाठी खास सूचना: तिकडे २००४ पासून क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात, ते नुसते उघडे ठेवून जात नाही. तिथे औषध लागतेच, आणि तेही क्लोरामाइनसाठी चालते असे लिहिलेले.

पेटीत भरताना आधी पंप, दिवा आणि हीटर असेल तर तो, सगळ्याचे प्लग काढायचे. हीटर उघडा पडून चालू राहिला तर त्याची काच तडकते, आणि ओल्या हाताने प्लगला हात लावण्याइतका मी आता तरुण राहिलेलो नाही. प्लगचा बोर्ड जमिनीवर नको, आणि वायर बोर्डाकडे जाताना मध्ये खाली लोंबती ठेवायची, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी खालीच टपकते, प्लगपर्यंत जात नाही. मग टब स्टुलावर ठेवून बारीक नळीने पाणी हळूहळू सोडायचे. तळाशी एक बशी ठेवली की वाळू उडत नाही. एका वेळी पाव भागच, निम्मे नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, पाणी भरत असताना तिथून उठायचे नाही. फोन वाजला तर वाजू द्यावा.

दिवाळीत नातू आला. पेटी रिकामी, कोरडी, कोपऱ्यात होती. मी त्याला काही विचारले नव्हते. त्यानेच पडवीत येऊन लाल फितीचा पाइप पाहिला, टबाचा चिमटा पाहिला, आणि "आबा, पुन्हा ठेवूया का?" म्हणाला. आम्ही दोघे आरोग्य केंद्राच्या हौदातून बरणीभर गप्पी मासे घेऊन आलो. डासांच्या अळ्या खातात म्हणून ते गावोगावी हौदांत आणि डबक्यांत सोडतात, मागितले की देतात. मूळचे हे दक्षिण अमेरिकेतले. त्रिनिदादमध्ये राहणाऱ्या गप्पी नावाच्या गृहस्थावरून त्यांचे नाव पडले. नातवाला वाटायचे, ते सारखे गप्पा मारतात म्हणून गप्पी. मी हे स्पष्टीकरण खोडले नाही. एवढी थाप चालावी.

पाणी आदल्या दिवशीच भरून ठेवले होते. मी प्लग काढले, त्याने बशी ठेवली. बरणी तासभर पेटीच्या पाण्यात तरंगत ठेवली, म्हणजे दोन्ही पाण्यांचे तापमान सारखे होते, आणि मग एकेक मासा जाळीने आत सोडला. तो म्हणाला, "आता नावं नको ठेवायला." मी का म्हणून विचारले नाही.

आता दर रविवारी सकाळी तो फोन करतो. पहिला प्रश्न, "आबा, पाणी काल भरलं होतं का?" मी हो म्हणतो. आणि मंडळी, भरलेले असते तेव्हाच म्हणतो. एकदा विसरलो होतो, तेव्हा "नाही" म्हणालो आणि पाणी सोमवारी बदलले.

असो. बरेच लांबले. तुमच्या अंगणातला पाइप आत्ता कशात बुडालेला आहे, तेवढे जाऊन पाहून या.

लोभ आहेच, तो वाढावा.